कानावर पडलेले तास

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रे एकाच विषयावरची आहेत: लहान मुलांना दुसरी, तिसरी आणि क्वचित चौथी भाषा कधी आणि कशी शिकवावी. जूनमध्ये शाळा सुरू होतात आणि रेनकोट व दप्तरांबरोबर ही काळजीही पुण्यातल्या घराघरांत नव्याने येते, त्यामुळे त्यात नवल नाही. मी आधी काही वर्षे शाळेत जर्मन शिकवले आणि पुढे प्राथमिक शिक्षकांच्या प्रशिक्षणात रमले. त्या अनुभवाच्या आधारे सहा पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रे संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे वगळली आहेत.

प्रश्न : माझी मुलगी साडेचार वर्षांची आहे. घरी आम्ही सगळे मराठी बोलतो आणि तिला इंग्रजी माध्यमाच्या शाळेत घातले आहे. पालकसभेत सांगण्यात आले, की घरीही इंग्रजीतच बोला, नाहीतर ती मागे पडेल. माझे इंग्रजी कामापुरते आहे. तरीही मी तिच्याशी ‘कम हिअर, इट युवर पोळी’ असे बोलू लागले आहे आणि सासूबाई हसतात. माझे चुकते आहे का? (कोथरूड)

उत्तर : आपले चुकते आहे असे मी म्हणणार नाही. आपण धास्तावला आहात, आणि धास्ती घालणारे वाक्य शाळेतून आल्यामुळे ते खरे वाटले. सासूबाईंच्या हसण्यात मात्र थोडे तथ्य आहे. मराठीत आपण तिला ‘कड टाकू नकोस, तीच तर खुसखुशीत असते, बघ आजी कशी आधी तीच मोडून खाते’ असे सहज बोलून गेला असता. त्यात कारण आले, तुलना आली, आजीची एक लकब आली आणि थोडी थट्टाही आली. ‘इट युवर पोळी’मध्ये फक्त आज्ञा उरली. कामापुरत्या भाषेत आई बोलू लागली, की मुलाच्या वाट्याला येणारे बोलणेही कामापुरतेच होते, आणि हे नुकसान इंग्रजीच्या चार वाक्यांनी भरून निघत नाही.

भाषा कशाने येते याचा विचार करताना मी नेहमी तास मोजायला सांगते. आपली मुलगी दिवसातून चार तास शाळेत असेल आणि वर्षाचे सुमारे दोनशे दिवस शाळा भरत असेल, तर वर्षाकाठी आठशे तास झाले. त्यांतल्या निम्म्या वेळातच तिच्या कानांवर खरे, अर्थपूर्ण इंग्रजी पडते असे धरले, तरी ते चारशे तास होतात. इंग्रजीचे तास पुरवण्याची जबाबदारी शाळेने फी घेऊन पत्करलेली आहे. घराजवळ जे आहे ते शाळेजवळ नाही, ते म्हणजे मराठीत मोकळेपणाने, न थांबता, आडवेतिडवे फाटे फोडत होणाऱ्या गप्पा. त्या शाळेच्या सोयीसाठी सोडू नयेत.

या गप्पा इंग्रजीच्या आड येत नाहीत; इंग्रजीला त्यांची मदतच होते. कॅनडातील अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये मांडलेला विचार थोडक्यात असा, की मुलाच्या दोन भाषा वरून वेगळ्या दिसल्या तरी त्यांच्या मुळाशी असलेली समज सामाईक असते. ज्या मुलीला बेरजेतला ‘हातचा’ मराठीत नीट उमगला, तिला तो इंग्रजीत पुन्हा समजून घ्यावा लागत नाही. त्याचे नाव तेवढे नव्याने शिकावे लागते. त्यांनीच दाखवलेला दुसरा भेद पालकांनी लक्षात ठेवण्यासारखा आहे. कॅनडात येऊन स्थायिक झालेल्या कुटुंबांतील मुले मैदानावरचे, डबा खातानाचे इंग्रजी साधारण दोन वर्षांत बोलू लागतात, पण धडा वाचून समजण्यासाठी, कारणे लिहिण्यासाठी लागणारे इंग्रजी यायला त्यांना पाच ते सात वर्षे लागतात. ती मुले चहूबाजूंनी इंग्रजीने वेढलेली होती. कोथरूडमधल्या मुलीला याहून कमी वेळ पुरेल अशी अपेक्षा धरणे योग्य नाही. पहिलीत तिचे उच्चार ऐकून पाहुणे कौतुक करतील आणि चौथीत तीच मुलगी विज्ञानाच्या उत्तराशी अडखळली की घरात चिंतेचे वातावरण पसरेल. कौतुक आणि चिंता या दोन्हींना फारसा आधार नसेल.

इंग्रजी घरातून हद्दपार करावे असेही नाही. रात्री निजताना एखादे चित्रांचे इंग्रजी पुस्तक पंधरा मिनिटे वाचून दाखवावे, आणि त्यातल्या अस्वलाने असे का केले असावे याची चर्चा खुशाल मराठीत करावी. पुस्तकातले इंग्रजी पुस्तकाचे असते, त्यामुळे आपले इंग्रजी कामापुरते असण्याची अडचण तेथे येत नाही. देवनागरी मात्र घरी अवश्य आणि शक्यतो इंग्रजी वाचन पक्के होण्याची वाट न पाहता शिकवावी. जे शब्द मूल रोज बोलते, तेच कागदावर वाचता येतात हा शोध त्याला आपल्या भाषेत सर्वांत लवकर लागतो, आणि मराठीचे लेखन बरेचसे उच्चाराबरहुकूम असल्यामुळे तो शोध फसवतही नाही. शाळेने पुन्हा विचारले तर ‘घरी आम्ही तिच्याशी खूप बोलतो’ एवढेच सांगावे.

प्रश्न : मी मूळची धारवाडची, यजमान मराठी, आणि मुलाला सांभाळणाऱ्या मावशी हिंदी बोलतात. मुलगा दोन वर्षे चार महिन्यांचा आहे आणि फारच कमी बोलतो. मागच्या आठवड्यात तो ‘ऊट, ऊट’ म्हणाला, म्हणजे कन्नडमध्ये जेवण; सासूबाईंना वाटले तो त्यांना उठायला सांगतो आहे, आणि त्या उठल्या! शेजारी म्हणतात, तीन भाषांनी पोर गोंधळले आहे, दोन बंद करा. (पिंपळे सौदागर)

उत्तर : पोर गोंधळलेले नाही, गोंधळ वडीलधाऱ्यांचा झाला, आणि तो फार गोड झाला.

दोन किंवा तीन भाषा ऐकल्यामुळे बोलणे लांबते किंवा तोतरेपणा येतो, ही समजूत आपल्याकडे डॉक्टरांच्याही तोंडी कधी कधी ऐकू येते, पण तिला आधार नाही. आपण आज एक यादी करावी. तो अर्थ ओळखून वापरतो असे सगळे शब्द, कोणत्याही भाषेतले, एकत्र मोजावेत. ‘पाणी’ही धरावे आणि ‘नीरु’ही धरावे. बहुभाषी घरातल्या मुलाचे शब्द फक्त एकाच भाषेत मोजले तर तो मागे पडल्यासारखा दिसतो, आणि घरातले प्रत्येक माणूस आपापल्याच भाषेतले मोजत असते.

मात्र येथे मला थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. दोन वर्षांच्या सुमारास मूल सर्व भाषा मिळून साधारण पन्नास शब्द वापरते आणि ‘बाबा गेला’, ‘दूध नको’ असे दोन शब्द जोडू लागते. आपल्या मुलाच्या बाबतीत यादी यापेक्षा बरीच तोकडी असेल आणि शब्दजोडणी सुरू झाली नसेल, तर भाषांना दोष देत थांबू नये. आधी कानांची रीतसर तपासणी करून घ्यावी आणि मग वाचा-उपचारतज्ज्ञांना भेटावे. भाषा बंद करण्याच्या सल्ल्याचा खरा तोटा हाच, की त्यात काहीतरी उपाय केल्याचे समाधान मिळते आणि तपासणीचे सहा महिने वाया जातात. शिवाय शेजाऱ्यांचे ऐकून दोन भाषा बंद करायच्या ठरवल्या, तर त्यांत पहिली आपली कन्नडच जाणार, हे आपण जाणताच. ज्या भाषेत आई रागावते आणि जवळ घेते ती भाषा काढून घेऊन मुलाला काय मिळणार?

प्रत्येकाने आपापली भाषा धरून ठेवण्याची रीत जुनी आहे. ज्यूल रोंजा या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाने आपल्या मुलाशी फ्रेंच आणि त्याच्या जर्मन पत्नीने जर्मन बोलायचे असे ठरवून, मुलाच्या भाषेच्या नोंदी १९१३ मध्ये पुस्तकरूपाने छापल्या. ती रीत उपयोगी आहे, पण तिचे सोवळे करू नये. मावशी घरी असताना आपण दोन वाक्ये हिंदीत बोललात म्हणून काही बिघडत नाही. दोन भाषांचे लाभ सांगणाऱ्यांनीही जरा बेताने बोलावे असे मला वाटते. १९६२ मध्ये माँट्रियलमध्ये पील आणि लँबर्ट यांनी दहा वर्षांच्या मुलांची चाचणी घेतली, तेव्हा फ्रेंच आणि इंग्रजी जाणणारी मुले एकभाषी मुलांपेक्षा पुढे आढळली, आणि तेव्हापासून ‘दोन भाषांनी बुद्धी वाढते’ असे सर्रास म्हटले जाते. पण त्या अभ्यासात दोन्ही भाषा चांगल्या येणारी मुलेच निवडलेली होती. कन्नड ठेवण्यासाठी बुद्धिमत्तेचे कारण शोधण्याची गरज नाही. धारवाडला आजी-आजोबा आहेत, एवढे कारण पुरे.

एक गोष्ट मात्र टाळावी. कन्नडचे तास कमी पडतात म्हणून मोबाईलवर कन्नड गाणी लावून देण्याचा मोह होईल. अमेरिकेत पॅट्रिशिया कुल यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात नऊ महिन्यांच्या बाळांना बारा बैठकांत चिनी भाषा ऐकवली होती. समोर बसून, खेळणी दाखवत, डोळ्यांत पाहत माणूस बोलला, तेव्हा बाळांना त्या भाषेतले बारीक ध्वनिभेद ओळखता आले; तेच बोलणे पडद्यावरून ऐकवले, तेव्हा काहीच साधले नाही. धारवाडच्या आजीशी दृक्‌श्राव्य फोनवर बोलणे वेगळे, कारण ती उत्तर देते आणि नातवाने तोंड फिरवले की हाक मारते.

प्रश्न : मी मुळशी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. वर्गात एकोणीस मुले आहेत, त्यांपैकी चार कातकरी वस्तीवरची. इंग्रजीचे पुस्तक दरवर्षी पूर्ण होते, मुले रंग आणि प्राणी घडाघडा म्हणतात, पण पुस्तक मिटून ‘तुझ्या शर्टाचा रंग कोणता’ असे इंग्रजीत विचारले की शांतता पसरते. कातकरी मुले तर मराठीच्या तासालाही बोलत नाहीत.

उत्तर : बाई, आपल्या पत्रात दोन वेगळे प्रश्न आहेत आणि दुसरा अधिक महत्त्वाचा आहे. तरी क्रमाने घेते.

आपल्या राज्यात पहिलीपासून इंग्रजी २००० साली आले. त्यापूर्वी ते पाचवीत सुरू होत असे. लवकर सुरुवात म्हणजे चांगले इंग्रजी, असे तेव्हा गृहीत धरले गेले आणि आजही धरले जाते. स्पेनमध्ये शाळेतील इंग्रजीची सुरुवात अकराव्या वर्षावरून आठव्या वर्षावर आणली गेली, तेव्हा बार्सिलोना येथे कार्मेन मुन्योस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन्ही गटांची तुलना केली. सारखेच तास शिकल्यानंतर उशिरा सुरुवात केलेली मुले बहुतेक चाचण्यांत पुढे होती. लहान मूल भाषा झटपट उचलते हे खरे, पण ती भाषा त्याच्या भोवती दिवसभर वाहत असेल तेव्हा. आता आपला हिशेब पाहू. आठवड्याला पस्तीस मिनिटांच्या पाच तासिका आणि वर्षाचे छत्तीस आठवडे धरले, तर १०५ तास होतात. मूल दिवसाला बारा तास जागे असते. म्हणजे आपण वर्षभर घसा कोरडा करून त्याला इंग्रजीचे नऊ दिवससुद्धा देऊ शकत नाही. हे मी आपल्याला खचवण्यासाठी लिहीत नाही. मुले गप्प बसतात त्यात आपला किंवा त्यांचा काही दोष नाही, हे कळावे म्हणून लिहीत आहे.

मग एवढ्या थोड्या तासांत काय करावे? पहिले सहा महिने मुलांकडून बोलण्याची अपेक्षाच धरू नये. नव्या भाषेत उतरणारी मुले काही काळ फक्त ऐकतात, आणि त्या मौनात बरेच काम चाललेले असते. समजले आहे की नाही हे तोंडाऐवजी हातापायांनी दाखवू द्यावे. जेम्स ॲशर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात आज्ञा ऐकून कृती करण्याची अशीच पद्धत मांडली, पण आपल्याला ती परकी वाटण्याचे कारण नाही, कारण ‘शिवाजी म्हणतो’ हा खेळ आपली मुले जन्मभर खेळत आली आहेत. तोच खेळ इंग्रजीत घ्यावा: स्टँड अप, टच द डोअर, ब्रिंग द रेड चॉक. ‘रेड’ हा शब्द तक्त्यावरून उतरून खडूला चिकटला, की शर्टालाही चिकटतो. आपली मुले आज रंगांची नावे पाढ्यासारखी जाणतात, आणि पाढा मध्येच तोडून विचारला की मोठी माणसेही पहिल्यापासून सुरुवात करतात.

रोजच्या गोष्टी इंग्रजीत नेमून द्याव्यात आणि त्या बदलू नयेत. हजेरी, पाणी पिण्याची सुट्टी, खिचडीच्या आधी हात धुणे, फळा पुसणे ही चार-पाच कामे वर्षभर त्याच त्या इंग्रजी वाक्यांनी झाली, तर पुस्तकाबाहेरचे रोजचे दहा मिनिटे इंग्रजी आपोआप मिळते. गोष्ट सांगताना एकच छोटी गोष्ट आठवडाभर सांगावी; मोठ्यांना कंटाळा येतो, मुलांना येत नाही. मधे मराठी वापरल्याचा अपराध वाटू देऊ नये. एखादा शब्द अभिनयाने समजावण्यात पाच मिनिटे घालवण्यापेक्षा मराठीत सांगून मोकळे व्हावे आणि उरलेल्या वेळात तो शब्द चार वेळा वापरावा.

आणखी एक खजिना वर्गातच पडलेला असतो. ट्रॅक्टर, ट्रॉली, मोटर, स्टार्टर, पंप, टायर, चार्जर, बॅट, बॉल, स्टँड, सिमेंट: गावातले पहिलीचे मूल असे शंभरेक इंग्रजी शब्द घेऊनच शाळेत येते आणि ते इंग्रजी आहेत हे त्याला कोणी सांगितलेले नसते. त्या शब्दांची भिंत करावी. ‘तुला इंग्रजी येते’ हे पुराव्यासह दाखवता येण्यासारखे दुसरे साधन मला माहीत नाही.

स्पेलिंगे पाच-पाचदा लिहून घेणे पहिलीत पूर्ण थांबवावे अशी माझी विनंती आहे. बोलतो तसे लिहायचे, ही खूणगाठ मुलाने नुकतीच मराठीत बांधलेली असते. तेवढ्यात इंग्रजीतले एकच ‘सी’ हे अक्षर ‘कॅट’मध्ये क आणि ‘सिटी’मध्ये स होऊन बसते. कानाला शब्द पुरते ओळखीचे झाल्यावर हा विक्षिप्तपणा मुले हसून मान्य करतात, आधीच समोर आला तर घाबरतात. इंग्रजी शब्दाखाली देवनागरीत उच्चार लिहून देण्याची सवयही सोडावी, कारण मुलाचा डोळा ओळखीच्या लिपीकडेच जाणार आणि इंग्रजी अक्षरे शोभेपुरती उरणार.

आता ती चार मुले. कातकरी मुलांची घरची बोली वेगळी आहे आणि पाठ्यपुस्तकातली मराठी ही त्यांच्यासाठी दुसरी भाषा आहे. एकोणीस मुलांच्या वर्गात पंधरा जणांचा मराठीचा तास चालू असतो, तेव्हा या चौघांचा परभाषेचा तास चालू असतो, आणि कोणीही त्यांना तसे शिकवत नाही. ‘शिक्षण मातृभाषेत सुरू व्हावे’ असे १९५३ मध्ये युनेस्कोने म्हटले आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात किमान पाचवीपर्यंत घरची किंवा परिसराची भाषा माध्यम असावी असे लिहिले गेले, तेव्हा ‘मातृभाषा’ म्हणजे राज्याची भाषा असा सोयीचा अर्थ आपण लावून टाकला. आपल्याला कातकरी बोली येत नसेल तर तिची सुरुवात मुलांकडूनच करावी. पाणी, भाकरी, मासा, झाड, ये, बस यांना घरी काय म्हणतात हे त्यांना विचारावे, फळ्यावर मराठी शब्दाशेजारी लिहावे, आणि बाकीच्या पंधरा जणांनाही ते शब्द शिकायला लावावेत. एका तासापुरती का होईना, ही चार मुले वर्गात जाणती ठरतील. वस्तीवरची एखादी आई किंवा थोरली बहीण आठवड्यातून एकदा येऊन गोष्ट सांगू शकली तर फारच उत्तम. आणि ‘पानी’, ‘लोनी’ असे बोलणाऱ्या इतर मुलांनाही ‘शुद्ध बोल’ म्हणून मधेच तोडू नये. ती आपल्या आईसारखी बोलत असतात. आपण सहज ‘पाणी’ म्हणत राहावे, तेवढे पुरते.

प्रश्न : पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा म्हणून आणली आणि मग निर्णय मागे घेतला. राजकारण बाजूला ठेवून सांगा: लहान मुलांना तीन भाषा झेपतात का? (नऱ्हे)

उत्तर : कानांना झेपतात, वेळापत्रकाला झेपत नाहीत. १६ एप्रिल २०२५ च्या आणि त्यात बदल करणाऱ्या १७ जूनच्या अशा दोन्ही शासननिर्णयांना २९ जूनला मागे घेण्यात आले आणि विषय डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे सोपवला गेला. त्या वादात मुलांच्या बुद्धीच्या क्षमतेवर दोन्ही बाजूंनी बरेच बोलले गेले, तासिकांवर फारच थोडे. पहिली-दुसरीत तिसऱ्या भाषेला दिलेली प्रत्येक तासिका कोणत्या तरी दुसऱ्या विषयाची असते, आणि ती बहुधा मराठी वाचनाची निघते. पुण्यातले मूल हिंदी बोलायला रस्त्यावर, सोसायटीच्या पार्किंगमध्ये आणि क्रिकेटच्या समालोचनातून शिकतेच. लेखन-वाचनाची हिंदी पाचवीनंतर सुरू केली तर लिपी ओळखीची असल्यामुळे ती भराभर पुढे जाते, असे माझे मत आहे. अर्थात जवळच्या भाषांचे चकवेही असतात. ‘उसे अच्छी शिक्षा मिली’ हे वाक्य वाचून ‘काय केले होते त्याने?’ असे विचारणारा सहावीतला मुलगा मला भेटला आहे, आणि ‘चेष्टा’, ‘राग’, ‘संसार’ हे शब्द अजून पुढे त्याची वाट पाहत होते.

प्रश्न : मुलगा नऊ वर्षांचा, पाचवीत. शाळेत जर्मन आहे, बाहेर जपानीचा वर्ग आहे. कोणती निवडावी? आता सुरू केली नाही तर मेंदूची वेळ निघून जाईल असे ऐकले. (औंध)

उत्तर : वेळ निघून जात नाही. भाषा शिकण्याच्या ठरावीक वयाची कल्पना एरिक लेनबर्ग यांनी १९६७ मध्ये मांडली, आणि खासगी वर्गांच्या जाहिरातींत ती अजून पाचव्या-सहाव्या वर्षाशी अडकून पडली आहे. उच्चारांच्या बाबतीत लहान वयाचा फायदा दिसतो. व्याकरणाच्या बाबतीत मात्र २०१८ मध्ये सुमारे ६ लाख ७० हजार लोकांच्या उत्तरांवरून झालेल्या एका अभ्यासात ही शिकण्याची क्षमता सतराव्या वर्षाच्या आसपासपर्यंत टिकून असल्याचे दिसले. आपल्या मुलाजवळ भरपूर अवधी आहे.

दोन्ही भाषा मराठी मुलाला वेगवेगळ्या तऱ्हेने ओळखीच्या वाटतात. जर्मनमध्ये मराठीसारखीच तीन लिंगे आहेत. ‘डास किंड’ आणि ‘ते मूल’ दोन्ही नपुंसकलिंगी, हे सांगितले की वर्गात समाधानाची लहर पसरते, आणि पुढच्याच मिनिटाला ‘मेडशेन’ म्हणजे मुलगीही नपुंसकलिंगी निघाल्यावर ती ओसरते. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात पंचवीसला ‘वीस पाच’ म्हणण्यावरून आपल्याकडे मोठा गदारोळ झाला होता. जर्मन लोक आजही पंचवीसला ‘पाच आणि वीस’ असेच म्हणतात, तर जपानी ‘दोन-दहा-पाच’ म्हणतात.

जपानीत क्रियापद मराठीप्रमाणे वाक्याच्या शेवटी येते आणि नामाला मागून चिकटणारे शब्द आपल्या विभक्तिप्रत्ययांची आठवण करून देतात: ‘तोक्यो नी’ म्हणजे टोकियोला, ‘तोक्यो कारा’ म्हणजे टोकियोहून. त्यांची वर्णमाला अ, इ, उ, ए, ओ अशी सुरू होऊन पुढे क, स, त, न, ह, म, य, र, व अशी जाते. बौद्ध धर्माबरोबर तेथे पोहोचलेल्या संस्कृत वर्णविचाराचा तो ठसा आहे. ‘पान’ म्हणजे पाव, आणि हे दोन्ही शब्द पोर्तुगीजांकडून आलेले. एवढ्या आपलेपणानंतर मग कांजी, म्हणजे चिनी लिपीतून आलेली चिन्हे, समोर उभी राहतात. नेहमीच्या वापराची म्हणून ठरवलेली चिन्हेच २१३६ आहेत, आणि बरेच उत्साही वर्ग तेथेच रिकामे होतात.

पण आपल्या प्रश्नाचे उत्तर भाषेत नसून शिकवणाऱ्यात आहे. मी स्वतः ज्या शाळेत प्रथम शिकवले, तेथे पाचवीच्या मुलांकडून ‘डेर, डी, डास’ या नामाचे लिंग दाखवणाऱ्या शब्दांचे तक्ते पाठ करून घेतले होते. वर्षअखेरीस एक जर्मन पाहुणा आला, आणि माझ्या सर्वांत हुशार विद्यार्थ्याला त्याच्याकडे पाण्याचा पेलाही मागता आला नाही. तक्ता मात्र त्याने बिनचूक म्हणून दाखवला. म्हणून आपण दोन्ही वर्गांत जाऊन अर्धा तास मागे बसावे. मुले किती वेळ ती भाषा ऐकतात, किती वेळा ती वापरून काही मिळवतात, खेळतात, हसतात, ते पाहावे. वही पूर्ण भरलेली आणि वर्ग शांत असेल, तर भाषा कोणतीही असो, दुसरा वर्ग निवडावा. शाळेतल्या आठवड्याच्या दोन तासिकांचे वर्षाला जेमतेम बेचाळीस तास होतात, म्हणजे जागेपणीचे साडेतीन दिवस. तेवढ्यावर ‘माझ्या मुलाला जर्मन येते’ असे नातेवाइकांत सांगू नये आणि मुलाला बोलूनही दाखवायला लावू नये. परीक्षेची घाई असेल तर जर्मनची मुलांसाठीची पहिल्या पायरीची परीक्षा दहाव्या वर्षापासून देता येते. दोन्ही भाषा एकदम सुरू करू नयेत. एक निवडून ती चार वर्षे सोडू नये, आणि जपानी निवडलीत तर सुट्टीच्या दिवशी सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात, ओकायामाच्या बागेच्या धर्तीवर केलेल्या त्या तळ्याकाठी, पाट्यांवरची अक्षरे शोधायला त्याला जरूर न्यावे.

प्रश्न : माझी दोन नातवंडे, वय नऊ आणि सहा, अमेरिकेतून दोन महिन्यांसाठी येत आहेत. त्यांना मराठी कळते पण ती उत्तर इंग्रजीतच देतात. मी सेवानिवृत्त शिक्षक आहे. रोज एक तास शिकवणी घ्यावी म्हणतो. (सहकारनगर)

उत्तर : आजोबा, शिकवणी घेऊ नका. ज्या मुलांना भाषा समजते त्यांच्याजवळ ती अर्ध्याहून अधिक आलेली असते. ती तोंडातून निघत नाही, कारण निघण्याची गरजच पडलेली नसते. आपल्याला इंग्रजी येते हे त्यांना ठाऊक आहे, आणि मूल नेहमी सोपी वाट धरते. त्यांच्या इंग्रजी उत्तराला आपण मराठीतच, न रागावता, पुढचे बोलत राहावे. ‘बोलून दाखव बरं’ म्हणून पाहुण्यांसमोर उभे करू नये, आणि त्यांचा ‘ळ’ ऐकून कोणी हसणार नाही याची घरातल्या सर्वांना आधीच ताकीद द्यावी. एकदा हसे झाले की पुढचे दोन महिने गेले म्हणून समजा. सोसायटीतली त्यांच्या वयाची मुले आपल्या शिकवणीपेक्षा अधिक उपयोगी पडतील, विशेषतः पाहुण्यांसाठी इंग्रजी बोलायचा कंटाळा करणारी. धाकट्याला गोष्टी सांगा. थोरल्याला पिशवी आणि पैसे देऊन कोपऱ्यावरच्या वाण्याकडे अर्धा किलो पोहे आणायला पाठवा, आणि वाण्याने ‘जाडे की पातळ?’ असे विचारल्यावर काय सांगायचे, हे त्याला आधी सांगून ठेवू नका.